आठ नंबर म्हणजे नेमके किती सेंटिमीटर? रेट्रो टेनिस स्नीकरबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न एकाच प्रकारच्या बुटांचे आहेत. पांढरे, चपट्या सोलचे, साधे दिसणारे टेनिसचे बूट, जे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खरोखर कोर्टवर घालायचे आणि आता जीन्सवर, कुर्त्यावर, ऑफिसला, सगळीकडे चालतात. चवथीची खरेदी तोंडावर आलीय त्यामुळे असेल. तर या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून हेच घेतलेत.

दादा, मी वेर्ण्याला कंपनीत आहे. पांढरे टेनिस टाइप स्नीकर पहिल्यांदाच घेतोय, रोजच्या वापराला. पणजीत आदिदासचा स्टॅन स्मिथ 8 नंबर घालून बघितला तर टाच वर उचलली जात होती, आणि पुढच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा 8 घातला तर अंगठा पुढे टेकला. माझा नंबर नक्की कोणता? ऑनलाइन मागवायचा विचार आहे. – एक वाचक, फोंडा

तुमचा पाय बरोबर आहे आणि दोन्ही दुकानदारही बरोबर आहेत, गोंधळ नंबरात आहे. आपल्याकडे दुकानात 6, 7, 8, 9 म्हणतात तो यूकेचा नंबर. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि अर्ध्या नंबराचा फरक सव्वाचार मिलिमीटर. युरोपचा 41-42-43 वेगळ्या मापावर चालतो, तिथे एका नंबराला पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. ही दोन मापं एकमेकांत कधीच पुरती बसत नाहीत, मग प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबाने जवळचा आकडा धरते. म्हणून आदिदासच्या यूके 8 वर युरोपचा 42 आणि 265 मिलिमीटर लिहिलेलं असतं, आणि नायकीच्या यूके 8 वर 42.5 आणि 27 सेंटिमीटर. नंबर तोच, अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला.

आता तुम्ही म्हणाल की मग आदिदासचाच 8 लहान वाटायला हवा होता, तो सैल कसा? कारण लेबल फक्त लांबी सांगतं. बूट ज्या साच्यावर ओढून शिवतात त्या साच्याची रुंदी, पंजाची उंची, टाचेचा घेर हे लेबलवर कुठेच नसतं, आणि स्टॅन स्मिथ आतून ऐसपैसच आहे, बहुतेकांना तो नेहमीपेक्षा अर्धा नंबर कमीच लागतो. रीबॉकचा क्लब सी 85 साधारण नंबराप्रमाणे बसतो. नायकीचा किलशॉट 2 थोडा अरुंद आणि लांबट, चवडा रुंद असेल तर अर्धा नंबर वर जावं लागतं. सुपरगाचा 2750 कॅनव्हासचा, इटलीत 1925 पासून बनतोय, तोही बऱ्याच जणांना अर्धा नंबर कमी लागतो. पण हे सगळं अंदाजाला ठीक आहे, ऑनलाइन मागवायचं तर आधी पाय मोजा.

पाय मोजायचा संध्याकाळी, दिवसभराची धावपळ झाल्यावर, कारण तोपर्यंत पाय थोडा फुगलेला असतो आणि बूट त्याच पायावर घालायचाय. जे मोजे घालणार तेच घालायचे. फरशीवर कोरा कागद भिंतीला चिकटवून ठेवायचा, टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभं राहायचं, आणि खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगायचं, आपण वाकलो की वजन सरकतं आणि माप चुकतं. पेन्सिल अगदी उभी धरायची, तिरकी धरली तर सहज तीन-चार मिलिमीटर खातात, म्हणजे जवळजवळ अर्धा नंबर गेला की हो! सगळ्यात पुढे आलेल्या बोटापर्यंत मोजायचं, ते अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजायचे आणि मोठा असेल तो धरायचा.

समजा माप 26.3 आलं, तर लेबलवर 26.5 लिहिलेल्या नंबरापासून सुरुवात करायची. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, लेबलवरचे सेंटिमीटर हे पायाचं माप असतं, बुटाच्या आतली लांबी नाही. बोटांपुढे जी साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी ती कंपनीने आधीच धरलेली असते. लोक स्वतः पुन्हा एक सेंटिमीटर वाढवून मागवतात आणि मग बूट डुगडुगतो. काही साइटवर मात्र इनसोलची, म्हणजे बुटाच्या आतल्या गादीची, लांबी देतात, तिथे पायाच्या मापात एक सेंटिमीटर मिळवूनच बघायचं. चार्टमध्ये काय दिलंय ते आधी वाचा, मग ऑर्डर.

बूट घरी आला की लेस पूर्ण बांधून फरशीवर चाला, बाहेर नको, सोलला माती लागली की परत घेत नाहीत. वरून लेसच्या भोकांच्या दोन रांगा बघा. लेस ओढल्यावर त्या एकमेकींना जवळजवळ टेकल्या तर तुमच्या पायाला तो बूट मोठा आहे, नंबर कमी करा. वरच्या बाजूला खूप फाकून राहिल्या तर तुमचा पंजा उंच आहे आणि तो बूट दिवसाअखेर दुखणार. टाच नव्या बुटात किंचित उचलली जाणं चालतं, कारण हा सोल जाड रबराच्या वाटीसारखा असतो आणि सुरुवातीला वाकत नाही, आठवडाभरात वाकायला लागतो. पण चालताना टाच मोज्यासकट घासून वर येत असेल तर तो वाकून सुधारणारा प्रकार नाही, बदलून घ्या.

तुमच्या वर्णनावरून मी तरी स्टॅन स्मिथ 7.5 आणि क्लब सी 8 असे दोन्ही घालून बघायला सांगेन आणि जो चवड्याला धरून टाचेला सोडणार नाही तो घ्या.

मी मडगावला कॉलेजला आहे. माझे पाय रुंद आहेत, लेडीज स्नीकरमध्ये करंगळी कायम दबते. मैत्रीण म्हणते जेन्ट्समधला घे, मावशी म्हणते लेदर आहे, घालून घालून सैल होईल. कुणाचं ऐकू? – एक वाचक, मडगाव

मैत्रिणीचं ऐक. मावशींचं म्हणणं खऱ्या चामड्यापुरतं अर्धं खरं आहे: चामडं आडवं थोडं सैल होतं, लांबीला अजिबात होत नाही. आणि दुकानात ‘लेदर’ म्हणून सांगतात त्यातलं बरंचसं वरून प्लॅस्टिकचा थर दिलेलं असतं किंवा पूर्ण सिंथेटिकच असतं. स्टॅन स्मिथचंच घे, 2021 पासून त्याचा नेहमीचा मॉडेल रिसायकल केलेल्या सिंथेटिकचा येतो, खऱ्या चामड्याचे वेगळे आणि महाग. सिंथेटिक सैल होत नाही, दुकानात जिथे दाबलं तिथेच वर्षभर दाबणार. म्हणून जिभेमागचं किंवा बॉक्सवरचं लेबल वाचायचं, वरचा भाग कशाचा आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

रुंद पाय हा तुझा एकटीचा प्रश्न नाही गं, आणि पायात काही दोष आहे असंही नाही. चेन्नईला केंद्र सरकारची चर्म संशोधन संस्था आहे, त्यांनी 2021-22 मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि त्यातून हेच निघालं की भारतीय पाय सरसकट जास्त रुंद असतात आणि इथे विकले जाणारे बूट मात्र परदेशी मापांवर बेतलेले. मग लोक काय करतात, तर रुंदी मिळावी म्हणून लांबीने मोठा बूट घेतात आणि लेस आवळून चालतात. त्या पाहणीनंतर ‘भा’ नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवली गेली. ती दुकानात येईल तेव्हा येईल, तोवर आपल्यालाच बघून घ्यावं लागणार.

लेडीज आणि जेन्ट्स बुटात त्याच लांबीला रुंदीचा फरक असतो. अमेरिकन पद्धतीत पुरुषांची नेहमीची रुंदी डी धरतात आणि बायकांची बी, म्हणजे बायकांचा साचाच अरुंद. लांबी सेंटिमीटरने जुळवायची: नायकीत 25 सेंटिमीटरला लेडीज यूके 5.5 येतो आणि जेन्ट्स यूके 6. नंबर बघून घाबरायचं नाही. या जुन्या टेनिस बुटांचं एक बरं असतं, त्यातले बरेच मॉडेल दोघांसाठी एकच साचा वापरतात, रंग फक्त वेगळे. दुकानात सरळ विचार, हा युनिसेक्स आहे का म्हणून.

घरी करायची एक सोपी तपासणी सांगतो. बुटातला इनसोल निघत असेल तर काढून फरशीवर ठेव आणि त्याच्यावर उभी राहा. करंगळीकडची बाजू इनसोलच्या कडेबाहेर आली तर तो बूट दाबणार म्हणजे दाबणार. इनसोल चिकटवलेला असेल तर कागदावर पायाची आकृती काढ, कापून घे आणि बुटात सरकव, कडेला दुमडली की कळलं. किंचितच दाबत असेल तर लेस सगळ्यात खालच्या भोकात न घालता दुसऱ्या भोकापासून सुरू कर, चवड्यावरचा ताण लगेच कमी होतो. पण करंगळीवर लाल वळ उठत असेल तर कितीही आवडला असला तरी तो बूट घेऊ नकोस, पाय हे रोजचे आहेत.

वय 61. रोज सकाळी तासभर भराभर चालतो, आणि आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर टेनिस. नातवाने असे रेट्रो बूट घ्या म्हणून हट्ट धरलाय. दोन्हीला एकच चालतील का? – एक वाचक, वास्को

काका, नातवाबरोबर बाजारात जायला, कुणाच्या मुंजीला, देवळात जायला जरूर घ्या. टेनिसला नको. जुने चॅम्पियन याच प्रकारच्या बुटांत लाकडी रॅकेट घेऊन खेळले हे खरं, स्टॅन स्मिथ स्वतः 1972 साली विम्बल्डन जिंकलेला खेळाडू, पण तेव्हा यापेक्षा चांगलं काही नव्हतं. आजचा टेनिसचा बूट बाजूला झेप घेताना घोटा सांभाळतो आणि टाचेखालचा धक्का झेलतो, तो आधार यात नाही. तासभर भराभर चालायलाही हा सोल कडक आणि सपाट पडेल, टाचा आणि गुडघे बोलतील. चालायचे वेगळे घ्या, खेळायचे वेगळे घ्या.

बजेट दीड हजार. ब्रँडेड परवडत नाही. बाजारात हुबेहूब दिसणारे सातशे-आठशेला मिळतात, ते घेऊ का? – एक वाचक, काणकोण

ब्रँडचं नाव छापलेली कॉपी घेऊ नका. आठशे रुपयांत नाव छापायचा खर्च निघतो, सोलचा निघत नाही. ओळखायची खूण सांगतो. वाटीसारख्या सोलच्या चांगल्या टेनिस बुटाचा सोल चिकटवलेला तर असतोच, वरून सोलच्या कडेने शिवलेलाही असतो. कॉपीमध्ये ती शिवण फक्त रबरावर दिसायला असते. दोरा आरपार गेलाय की नाही बघायचं तर इनसोल वर उचलून बघा, आत कडेने टाक्यांची ओळ दिसली तर शिवण खरी. आत कोरंच असेल तर सगळा भार गोंदावर आहे आणि आपल्याकडच्या पावसात गोंद पहिला जातो.

दीड हजारात मी साधा पांढरा कॅनव्हास घेईन, स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कंपनीचा. आपण शाळेत पीटीला घालायचो ते पांढरे बूट आठवतात ना, शनिवारी रात्री धुवायचे आणि सफेदा लावून वाळत टाकायचे? बाटाचा तो ‘टेनिस’ 1936 साली भारतातच शाळेच्या पीटीसाठी निघाला आणि आज रेट्रो म्हणून जगभर जे कॅनव्हास विकतात त्यांच्याहून दिसायला तसूभरही कमी नाही. कॅनव्हासला नंबर घेताना मात्र अगदी घट्ट घेऊ नका, धुतल्यावर तो किंचित आवळतो. थोडे पैसे साठवायची तयारी असेल तर सेलमध्ये के-स्विसच्या क्लासिकवर नजर ठेवा, हा चामड्याचा टेनिस बूट 1966 पासूनचा, स्वित्झर्लंडहून कॅलिफोर्नियाला गेलेल्या दोन भावांनी काढलेला, कडेला पाच पट्टे. त्या पट्ट्यांनी बूट बाजूला पसरत नाही, त्यामुळे बराच टिकतो.

आमचं घर डिचोलीच्या खाण भागात. लाल माती, चार महिने पाऊस. गेल्या वर्षीचे पांढरे स्नीकर कपाटात ठेवले होते, त्यांच्यावर बुरशी आली आणि पिवळे पडले. शिवाय यजमानांचा एक जुना, न वापरलेला जोड बॉक्समधून काढला तर सोलचा भुगाच हातात आला! आता नवीन घ्यायचेत, कुठले घ्यावेत आणि सांभाळावेत कसे? – एक वाचक, डिचोली

ताई, आधी त्या भुग्याचं सांगतो, कारण कित्येकांना वाटतं कंपनीने फसवलं. काही बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन वापरतात, हलकं आणि मऊ असतं, पण हवेतली वाफ हळूहळू त्यात शिरून त्याच्या रेणूंची साखळी तोडते. वापरलेला बूट दाबला-सुटला जातो, हवा खेळते, त्यामुळे जरा टिकतो. बॉक्समध्ये बंद करून ठेवलेला आपल्यासारख्या दमट हवेत काही वर्षांत आतून सडतो आणि पहिल्या पावलाला तुटतो. म्हणून ‘लग्नाला घालीन’ म्हणून नवा जोड साठवून ठेवू नका, आणि सेलमध्ये जुना स्टॉक घेताना सोल अंगठ्याने जोरात दाबून बघा, भेगा किंवा चिकटपणा जाणवला तर सोडून द्या. आपल्या हवेला पूर्ण रबराचा सोल सगळ्यात बरा, स्टॅन स्मिथ, सुपरगा या प्रकारचा. थोडा जड लागतो, पण भुगा होत नाही.

वरचा भाग तुमच्यासाठी गुळगुळीत चामड्याचा किंवा गुळगुळीत सिंथेटिकचा. स्वेड म्हणजे ते लवदार चामडं, किलशॉटला पुढे असतं ना, ते लाल मातीच्या भागात नकोच. ही माती लोहाची आहे, ओल्या लवेत एकदा शिरली की निघत नाही. कॅनव्हासवरही डाग धरतो. गुळगुळीत बुटावरची माती ओली असताना चोळू नका, वाळू द्या, मऊ ब्रशने झटका, मग ओल्या फडक्याने पुसा. ओली असताना चोळलं की ती शिवणीत आणि छिद्रांत जाऊन बसते, आणि स्टॅन स्मिथच्या बाजूचे पट्टे तर छिद्रांचेच असतात, तिथे जुना टूथब्रश लागतो.

पिवळेपणाची कारणं दोन-तीन असतात. ब्लीच हे पहिलं, पांढरं करायला म्हणून घालतात आणि त्यानेच सिंथेटिक आणि शिवणीचा दोरा पिवळा होतो. दुसरं म्हणजे साबण नीट न धुवून थेट उन्हात वाळवणं. कॅनव्हास धुतलात तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, ओला असतानाच वरून पांढरा टिश्यू पेपर गुंडाळा आणि सावलीत ठेवा, उरलेला साबण कागदात उतरतो, बूट पांढरा राहतो. सोलचं रबर मात्र वयाने थोडं पिवळं होणारच, त्याला इलाज शोधत बसू नका, या जातीच्या बुटाला ते शोभतंही.

बुरशीला ओल आणि बंद जागा हव्यात, दोन्ही आपल्या कपाटात असतात. पावसात भिजून आलात की लेस पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, इनसोल निघत असेल तर काढून वेगळा ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन-तीन तासांनी बदला, पहिले बोळे ओले झाले की त्यांचा उपयोग संपला. मग बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या सोप्यात, किंवा पंख्याखाली. गॅसजवळ किंवा फ्रिजमागे गरम जागेत नको, गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. एकदा घातलेला जोड दुसऱ्या दिवशी घालू नका, एक दिवस वाळू दे. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच बांधून ठेवू नका. बॉक्समधल्या त्या छोट्या पुड्यांवरही विसंबू नका, आपल्या पावसाळ्यात त्या लवकर ओल पिऊन बसतात.

आत्ता जी बुरशी आलीय ती घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, घरात झटकली तर बाकीच्या चपलांवर बसेल, ते फडकं टाकून द्या. मग अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर घेऊन फडक्याने आतून-बाहेरून पुसा, आधी आतल्या बाजूला एका कोपऱ्यावर लावून रंग जात नाही ना बघा, आणि पूर्ण वाळल्यावर खऱ्या चामड्याला थोडं क्रीम लावा.

आणि पावसात देवळात जाताना हे बूट नकोत. सपाट सोल ओल्या लादीवर आणि शेवाळ आलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर सरकतो, वर बाहेर काढून ठेवले की येईपर्यंत आत पाणी भरलेलं असतं. जून ते सप्टेंबर रबरी सँडल वापरा आणि नवे पांढरे बूट चवथीला घेणारच असाल तर पाऊस उघडलेला दिवस बघून घाला.